दहा सेकंद रोखलेल्या श्वासाची कुळकथा

नाकाला चिमटा, तोंडात नळी. शेजारून टेक्निशियन ताई सांगत असते, "आजोबा, सगळी हवा सोडा... अजून, अजून... आता जोरात आत घ्या... धरा, धरा, सोडू नका!" आजोबा डोळे विस्फारून दहा सेकंद तसेच बसतात. छातीच्या डॉक्टरांकडे फुंकायच्या ज्या तपासण्या होतात, त्यांतली ही जरा निराळी. इथे फुंकण्याच्या जोरापेक्षा त्या गप्प दहा सेकंदांना किंमत आहे. रिपोर्टवर तिचं नाव डीएलसीओ.

नावातला 'डी' म्हणजे विसरण. शाळेत हा शब्द भेटला की 'विसरणे' आठवतं, पण दोघांचं कूळ वेगळं. आपलं रोजचं विसरणं 'स्मृ' धातूचं, विस्मरणातून आलेलं. हे विसरण 'सृ'चं, म्हणजे पसरण्याच्या भावकीतलं. दाटीतून विरळ जागेकडे कण आपसूक पसरतात, कुणी ओढावं-ढकलावं लागत नाही. 1855 मध्ये आडोल्फ फिक या तरुण शरीरशास्त्रज्ञानं झुरिकमध्ये या पसरण्याला गणिताचा नियम दिला.

फुफ्फुसाला तो लागू पडतो का, यावर मात्र पुढे मोठा वाद झाला. कोपनहेगनचे क्रिस्टियान बोर (अणुशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील) यांना कुत्र्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब फुफ्फुसाच्या वायुकोशांतल्या हवेपेक्षाही जास्त असू शकतो. तसं असेल तर नुसतं विसरण पुरणार नाही. लाळग्रंथी लाळ सोडते तसं फुफ्फुसच ऑक्सिजन रक्तात सोडत असलं पाहिजे, असं त्यांचं मत झालं. हे मत मला कधीच बाळबोध वाटलं नाही. काही माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीत ऑक्सिजन खरोखरच असा दाबाविरुद्ध साठवला जातो. माशाला जमतं ते माणसाला का नाही?

बोर यांचेच सहायक ऑगस्ट क्रोग यांना शंका होती ती मोजण्याच्या रीतीबद्दल. त्यांनी एक इवलंसं उपकरण बनवलं. धमनीतून येणारी रक्ताची धार हवेच्या एका बारक्या बुडबुड्याभोवती खेळत ठेवायची. बुडबुडा इतका लहान, की त्यातले वायू थोड्याच वेळात रक्तातल्या वायूंशी जुळते होतात. मग तो केसासारख्या नळीत ओढून त्याची लांबी मोजायची. पोटॅशनं कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचा, पुन्हा मोजायचं. मग ऑक्सिजन शोषून पुन्हा मोजायचं. सगळं भांडण त्या नळीतल्या काही मिलिमीटरवर येऊन ठेपलं. रक्तातला ऑक्सिजनचा दाब नेहमी हवेतल्यापेक्षा कमीच भरला. 1910 मध्ये ऑगस्ट आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी मारी यांनी सात निबंध एकदमच प्रसिद्ध केले. 'सात छोटे सैतान' हे त्यांचं पुढे पडलेलं नाव. गुरूंच्या विरोधात जावं लागतंय, याची नोंद त्यांनी त्यात आदरानं केली.

पण विसरण पुरतं, हे आकड्यात दाखवायचं कसं? इथे मारी क्रोग यांची खरी कामगिरी, आणि ती नवऱ्याच्या नावाखाली झाकली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्यांनी निवडला कार्बन मोनॉक्साइड (डीएलसीओतला 'सीओ' तो हाच), चक्क विषारी वायू, पण अगदी थोडा. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट धरतं, त्यामुळे फुफ्फुसातली हवा आणि रक्त यांच्यामधल्या पडद्यापलीकडे त्याचा दाब जवळजवळ शून्य राहतो. मग श्वास रोखलेल्या वेळात जितका वायू नाहीसा झाला, तितका पडद्यातून गेला, साधा हिशोब. 1915 मध्ये त्यांनी माणसांवरची ही मोजणी प्रसिद्ध केली. फुफ्फुसाचा पडदा सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाड, म्हणजे आपला केस त्याच्या शंभरपट तरी जाड, आणि पसारा सत्तरेक चौरस मीटर. एवढं असल्यावर वेगळी ग्रंथी लागतेच कशाला?

नुसतं विसरण पुरतं का, हेच कोडं झाडाच्या पानाच्या बाबतीत लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या प्रयोगशाळेत ब्राउन आणि एस्कम यांनी 1900 मध्ये सोडवलं होतं. पर्णरंध्रांची उघडी जागा पानाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास, तरी प्रकाशसंश्लेषणाला पुरेल इतका कार्बन डायऑक्साइड आत जातो. बारीक भोकातून होणारं विसरण भोकाच्या क्षेत्रफळावर नव्हे, व्यासावर ठरतं. वायू कडेकडेनंही आत येतो.

फुफ्फुसाच्या वादात इंग्लंडमधले शरीरशास्त्रज्ञ हॉल्डेन मात्र ग्रंथीच्या मताला धरून राहिले. 1920 मध्ये केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट विरळ ऑक्सिजनच्या काचेच्या खोलीत सहा दिवस राहिले, मनगटाची धमनी उघडून रक्त काढू दिलं. तिथेही क्रोग दांपत्याचंच खरं निघालं.

मारींची रीत मग बरीच वर्षं मागे पडली. 1950 च्या दशकात ती सुधारून दवाखान्यांत आली, आणि फुफ्फुसाचा पडदा जाड झालाय का, हे बाहेरूनच कळू लागलं.

"सोडा!" ताई म्हणते. आजोबांचा श्वास सुटतो. यंत्र त्यातला सुरुवातीचा भाग टाकून देतं, तो नुसत्या श्वासनलिकांतला. पुढचा, वायुकोशांतून आलेला, तपासायला ठेवतं.