गळाला काय लावायचं, हे कोणी लिहून ठेवलं?

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. विषय आहे मासे धरायच्या गळाला लावायचं आमिष. गांडूळ, कणकेची गोळी, पेंड. यात कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण या आमिषावर एका राजानं 900 वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

त्या राजाचं नाव सोमेश्वर तिसरा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला. कल्याणी म्हणजे कर्नाटकात बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. आपल्या महाराष्ट्राचा बराच भाग तेव्हा याच घराण्याच्या राज्यात होता. सोमेश्वरानं सुमारे 1130 साली ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 100 अध्याय आहेत. राज्यकारभार, हत्ती, औषधं, स्वयंपाक, गाणं, खेळ, सगळं त्यात आहे. आणि ‘मत्स्यविनोद’ नावाचं एक प्रकरण आहे. इथं विनोद म्हणजे करमणूक. राजेलोकांनी गळ टाकून मन कसं रमवावं, ते त्यात सांगितलंय. 1925 पासून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेनं हा ग्रंथ छापला. पुढे सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी या प्रकरणाचा अभ्यास करून ते जगापुढे आणलं.

या प्रकरणात समुद्रातले मासे वेगळे, गोड्या पाण्यातले वेगळे, खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे, अशी विभागणी केलीय. मग कोणत्या माशाला काय खायला घालावं ते येतं. काहींना पिठाचे, भाताचे गोळे, तर काहींना मांस. माशांना आधी खाऊ घालून जागेची सवय लावायची आणि मग गळ टाकायचा, ही त्यातली युक्ती.

यातलं मर्म आजही तेच आहे. आमिष म्हणजे माशाचं रोजचं जेवण ओळखणं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. मृगळ तळाशी चरतो. म्हणून आमिष किती खोल सोडायचं, हे मासा पाहून ठरतं. मरळ शिकारी, तिला बेडूक किंवा छोटा जिवंत मासा लागतो. कणकेच्या गोळीकडे ती ढुंकूनही पाहणार नाही.

गळाला आमिष लावायची रीतही साधी आहे. गांडूळ गळावर ओवताना शेपटाकडचा थोडा भाग मोकळा ठेवायचा. तो वळवळला की माशाचं लक्ष जातं. कणीक घट्ट मळायची, सैल असली तर पाण्यात विरघळते. गोळी माशाच्या तोंडात मावेल एवढीच करायची. गळाचं टोक झाकलेलं हवं, पण थर पातळ हवा. नाहीतर मासा गोळी खाऊन जातो आणि टोक काही त्याच्या तोंडात रुतत नाही.

आता मला खरं सांगायचंय ते पुढे आहे. ‘मानसोल्लास’मध्ये आपणही आहोत, मैत्रिणींनो. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी म्हणतात, अशी नोंद त्यात आहे. ओवीचा इतिहास सांगणारे अभ्यासक या नोंदीचा दाखला देतात. पण ती नोंद आहे अगदी एवढीशी. राजाच्या करमणुकीला अख्खं प्रकरण आणि बाईच्या कांडणाला एक ओळ. पोटासाठी गळ टाकणाऱ्यांना काय ठाऊक होतं, ते त्यांच्या नावानं कोणी लिहिलं नाही.

पण जमिनीनं मात्र एक गोष्ट सांभाळून ठेवली होती. इंडोनेशियात अलोर नावाचं बेट आहे. तिथं उत्खनन करताना सुमारे 12,000 वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. हाडांवरून ती बहुधा बाई होती, असं अभ्यासक सांगतात. तिच्या हनुवटीजवळ पाच गळ ठेवलेले होते, समुद्री गोगलगायीच्या शंखाचे. ही माहिती 2017 साली प्रसिद्ध झाली. दफनात ठेवलेले इतके जुने गळ तोवर कुठंच मिळाले नव्हते. तिच्या माणसांनी शेवटच्या प्रवासाला तिच्यासोबत गळ दिले, म्हणजे तिच्या आयुष्यात गळाला नक्कीच मान असणार.

भंडारा-गोंदियाकडे अलीकडच्या वर्षांत ढिवर समाजाच्या बायकांनी तळ्यांमध्ये पाणवनस्पती लावल्या, म्हणजे देशी माशांना खाणं आणि आसरा मिळावा. कोणता मासा काय खातो, कुठं राहतो, हे ठाऊक असल्याशिवाय असं काम होत नाही. आमिषाचं ज्ञान ते हेच. गळाला लावलं तर एक मासा मिळतो, तळ्याला लावलं तर तळं जगतं.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. बचतीचा हिशेब झाला की वहीचं शेवटचं पान उघडा. ओढ्यावर, तळ्यावर, खाडीत मासे धरणाऱ्या आजीला, मावशीला विचारा. कोणत्या महिन्यात कोणता मासा, त्याला काय लावायचं, कोणता मासा आता दिसेनासा झाला. त्या सांगतील तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहा आणि खाली त्यांचं नाव घाला. तळ्याचा ठेका किंवा मत्स्यपालनाची योजना यावर ग्रामसभेत बोलायची वेळ आली, तर ते पान हाताशी असेल.

राजानं त्याच्या करमणुकीचं लिहिलं. आपल्या पोटापाण्याचं आपण लिहू.