उजव्या सोंडेचा गणपती आणि डावखुरी भाची

ऋषिपंचमीला तासगावच्या रथाला जायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. या वेळी साताऱ्याहून भाचीही आली होती. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकात बांधलेलं ते देऊळ, दाक्षिणात्य धाटणीचं सात मजली गोपुर आणि आत उजव्या सोंडेचा गणपती. घरी जेवायला बसलो आणि भाचीने डाव्या हाताने मोदक उचलला. "अगं, उजव्या हाताने!" हे माझ्याच तोंडून निघालं. ती म्हणाली, "मामा, देवाची सोंड इतरांपेक्षा वेगळी वळली की तो जागृत, आणि माझा हात वेगळा वळला की वाईट सवय?" निरुत्तर झालो!

रात्री जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा आठवली. (नारळीकरांचा जन्म आपल्या शेजारचा, १९३८, कोल्हापूर.) या कथेत सोंडेची बाजू बदलते, गोलंदाजाचा हातही बदलतो, आणि मुळाशी असते मोबियसची पट्टी. एच. जी. वेल्सने १८९६ सालीच एका मास्तरला अवकाशाच्या चौथ्या मितीतून फिरवून उलटा करून आणला होता. त्याचं हृदय उजवीकडे गेलं. पण ते कळायला डॉक्टर लागतो. सोंड कुठे वळली हे आपल्याकडे शेंबडं पोरही दारातून सांगेल. नारळीकरांची खरी हुशारी मला इथे दिसते.

त्यांना आरशाचा नादच असावा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. ज. वि. ना. उलटे केले की ना. वि. ज.!

खरंच कुणी असा उलटला तर मात्र पंचाईत आहे. पाश्चरने १८४८ मध्ये एकाच आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्याने वेगळे केले, तिथून हे कळत गेलं. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची, ग्लुकोज उजव्या घडणीचं. उलटलेल्या माणसाला भरल्या ताटावरूनही पोषण मिळणार नाही. तरी त्यात डावं चूक आणि उजवं बरोबर असं काही नाही. जेवणाऱ्याची आणि जेवणाची जोडी जमली म्हणजे झालं.

सकाळी वहीच्या पारदर्शक कव्हराची पट्टी कापली, अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली. भाचीने त्यावर आपला डावा पंजा काढला, आणि तसाच तुकडा कापून पट्टीवरून सरकवत नेला. एक फेरी झाली, तुकडा चित्राशी परत आला तेव्हा पंजा उजवा!

"अजून एक फेरी," ती म्हणाली. पंजा पुन्हा डावा झाला. तिथे तिने तो चिकटवून टाकला.