जुन्या स्कर्टचे वय आणि माप

१. विषय आणि व्याप्ती

कपडा फाटला, विटला की टाकला जातो. धडधाकट कपडाही टाकला जातो, पण त्याचे कारण वेगळे असते: ‘आता हे कोण घालते?’ या विवेचनात दुसऱ्या कारणाने बाद झालेल्या स्कर्टचा विचार केला आहे. साधारण १९९५ ते २०१० या काळात शिवलेले किंवा विकत घेतलेले, कापडाने शाबूत, पण अंगावर चढवताच आपले साल सांगणारे हे स्कर्ट.

या विचारासाठी हरियाणातले पंचकुला हे शहर सोयीचे आहे. शिवालिकच्या पायथ्याशी, चंडीगडला लागून असलेल्या या गावात मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि थंडीतल्या रात्री पाच अंशांच्याही खाली उतरतो. त्यामुळे एकाच कपाटात सुती रॅप-अराउंड, डेनिम आणि लोकरी प्लीटचा स्कर्ट असे तिन्ही सापडतात. शेजारी चंडीमंदिरला लष्कराच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय आहे. बदलीच्या नोकरीत ट्रंका बांधत-सोडत इथवर आलेल्या मराठी घरांत, प्रत्येक बदलीला ‘राहू दे, होईल उपयोग’ म्हणून वाचलेले असे कपडे हमखास निघतात. घग्गरच्या पलीकडे सेक्टर २३ मध्ये निफ्ट या फॅशन-शिक्षण संस्थेचे केंद्र आहे, आणि सेक्टरांच्या बाजारांत आल्टरेशन करून देणारे शिंपी आहेत. घेराची कसोटी पाहणारा दामण हा पारंपरिक पोशाख या राज्याचाच, आणि टाकून दिलेल्या कपड्यांचा शेवटचा मुक्काम असलेले पानिपतही याच राज्यात.

प्रतिपादन थोडक्यात असे: स्कर्टचे जुनेपण चार जागी असते आणि त्यांतल्या तीन जागा टेपने मोजता येतात. त्या जागा बदलता येतील की नाही, हे कापडाचा स्वभाव आणि शिवणाऱ्याने आत सोडलेली माया (शिवणीतले जादा कापड) या दोन गोष्टींवर ठरते.

२. जुनेपण कुठे दिसते

फॅशन मोजता येते, हा विचार नवा नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी १९१९ मध्ये स्त्रियांच्या समारंभी पोशाखांची चित्रे घेऊन स्कर्टची लांबी, घेर, कमरेची जागा आणि रुंदी, गळ्याची खोली आणि रुंदी अशी मापे काढली. पुढे १९४० मध्ये जेन रिचर्डसन यांच्यासह त्यांनी तीन शतकांच्या पोशाखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की ही मापे लहरीप्रमाणे वाटेल तशी उड्या मारत नाहीत; एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे संथपणे सरकतात आणि परत येतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातले पोशाख-इतिहासकार जेम्स लेव्हर यांनी १९३७ मध्ये याची दुसरी बाजू मांडली. त्यांच्या मते कपडा आपल्या काळानंतर दहा वर्षांनी ओंगळ, वीस वर्षांनी हास्यास्पद आणि तीस वर्षांनी गमतीदार वाटतो; पुढे तर तो मोहकही होतो. म्हणजे आपले स्कर्ट नेमके ओंगळपणा ओलांडून गमतीकडे निघाले आहेत. उरलेले अंतर कात्रीने कापायचे आहे.

त्या चार जागा अशा:

(अ) कंबर. नव्वदीच्या दशकात स्कर्ट कमरेवर बसे. २००० नंतरच्या दशकात तो खाली घसरून नितंबाच्या हाडावर आला. पुढच्या दशकात कंबर पुन्हा वर गेली.

(आ) लांबी. ‘दिल तो पागल है’ (१९९७) आणि ‘कुछ कुछ होता है’ (१९९८) या चित्रपटांनंतर आखूड स्कर्ट भारतीय कॉलेजांत परिचयाचा झाला. त्याच्या जोडीला घोट्यापर्यंतचा लांब स्कर्टही चालत होता. आज बहुसंख्य स्कर्ट पोटरीच्या मध्यापासून घोट्याच्या वरपर्यंत कुठेतरी थांबतात. गुडघ्यावर नेमकी तुटणारी लांबी सर्वांत जास्त ‘त्या काळची’ दिसते.

(इ) घेराची वाटणी. एकूण घेरापेक्षा तो कुठून सुरू होतो याला महत्त्व आहे. कमरेतूनच फुगलेला घेर जुना दिसतो. नितंबावर सपाट राहून खाली सुटलेला घेर आजचा वाटतो.

(ई) पृष्ठभाग. टिकल्या, घासून पांढरे केलेले पट्टे, खालच्या कडेला तिरपी टोके, पट्ट्यावर धातूच्या कड्या. ही जागा टेपने मोजता येत नाही, पण उसवायला सर्वांत सोपी असते.

३. घडणीनुसार वर्गीकरण

शिंप्याच्या दृष्टीने स्कर्टचे चार वर्ग पडतात, आणि लांबी कमी केल्यावर घेराचे काय होते हा त्यांच्यातला मुख्य फरक आहे.

चुण्यांचा स्कर्ट हा सरळ पट्ट्याला चुण्या घालून बनतो. परकर आणि झालरींचे थर असलेले स्कर्ट याच जातीचे. साध्या चुण्यांच्या स्कर्टची लांबी कितीही कापा, घेर तेवढाच राहतो. थरांच्या स्कर्टचा मात्र खालचा आख्खा थर काढला तर सर्वांत मोठा घेरच जातो, म्हणून तिथे मधला थर काढून खालचा वर जोडावा, आणि जादा घेर दाट चुण्या घालून सामावून घ्यावा.

गोल स्कर्टचे गणित वेगळे. कंबर ७२ सेंमी असेल तर वरच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ११.५ सेंमी येते. लांबी ८० सेंमी धरली तर खालचा घेर सुमारे ५७५ सेंमी. लांबी १० सेंमीने कमी केली की घेर जवळजवळ ६३ सेंमीने घटतो. अर्धगोलात ३१ सेंमीने. म्हणजे गोल स्कर्ट आखूड करणे हा आपोआप घेर आवरण्याचाही उपाय आहे.

कळ्यांचा आणि ए-लाइन स्कर्ट या दोन वर्गांच्या मध्ये येतो: कापले की घेर थोडा घटतो. पेन्सिल स्कर्टमध्ये उलट होते. तो खाली निमुळता असल्याने कापल्यावर कडेचे माप वाढते, मात्र मागचा काप आखूड होऊन पाऊल अडते.

४. कापडाची परीक्षा

कात्री लावण्याआधी तीन तपासण्या कराव्यात. स्कर्ट उजेडासमोर धरून कसर आणि विरलेली जागा पाहावी. लोकरीत बारीक भोके नुसत्या डोळ्यांना चुकतात. शिवणीच्या दोन्ही बाजू धरून हलके ताणावे. धागे सरकून जाळी दिसू लागली तर ते कापड नवी शिवण पेलणार नाही. आतल्या मायेतला एखादा धागा काढून जाळावा. सुताला जळलेल्या कागदासारखा वास येतो, लोकरीला जळक्या केसांसारखा, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. यावरून इस्त्री किती गरम ठेवायची आणि प्लीट मोडेल की नाही, दोन्ही कळते. पॉलिएस्टरची प्लीट उष्णतेने कायमची बसवलेली असते. लोकरीची वाफेने मोडते आणि वाफेनेच पुन्हा बसते.

मग उलटी बाजू. बाजूच्या शिवणीत दोन-अडीच सेंमी माया असेल तर कंबर सैल करता येते. कारखान्यात इंटरलॉक मारून सेंटीमीटरभर कापड ठेवलेले असेल तर फक्त घट्ट करता येते. तळाची दुमड चार-पाच सेंमीची असेल तर लांबी वाढते. येथे डेनिमचा दोष लक्षात ठेवावा: दुमड सोडली की जुन्या घडीची पांढरी रेघ राहते आणि ती धुण्याने जात नाही. साटिन, तफेता आणि रेक्झिन यांत जुन्या टाक्यांची भोके उरतात, म्हणून तिथे उसवण्यापेक्षा झाकण्याचा उपाय शोधावा.

५. पहिले उदाहरण: खालच्या कमरेचा डेनिम

२००० नंतरच्या दशकातला एक नमुना घेऊ. पट्टा कमरेच्या ९ सेंमी खाली बसतो, त्याचे माप ९० सेंमी. लांबी पट्ट्यापासून ५२ सेंमी, म्हणजे कडा गुडघ्यावर.

पहिला मार्ग, स्कर्ट उचलून कमरेवर नेणे. कंबर ७२ सेंमी धरली तर १८ सेंमी आत घ्यावे लागतील: मागच्या मधल्या शिवणीत ५, दोन्ही बाजूंना ४-४, आणि मागे दोन डार्टमध्ये अडीच-अडीच. पण स्कर्ट ९ सेंमी वर गेला की कडाही ९ सेंमी वर जाते. शिवाय नितंबावर आता स्कर्टचा तो भाग येतो जो आधी मांडीवर होता. ए-लाइनमध्ये तिथे जागा जास्त असते, म्हणून तो निभावतो. पेन्सिलमध्ये तिथे जागा कमी असते, आणि तो अडकतो.

दुसरा मार्ग, पट्टा काढून वर ९ सेंमीचा आकार दिलेला योक जोडणे. यात नितंब आणि कडा जागेवर राहतात, बदलते फक्त कंबर. पेन्सिलला हाच मार्ग. पुढची चेन मात्र आता आखूड पडते, म्हणून ती बंद करून बाजूला लांब चेन लावावी.

ए-लाइन उचलल्यावर कडा कमरेपासून ५२ सेंमीवर येते. ती ७८ वर न्यायची तर २६ सेंमीचा पट्टा हवा. तो जुन्या जीन्सच्या पायातून, रंगाने मुद्दाम एक छटा गडद काढावा. अगदी जुळता रंग शोधला तर जोड लपवल्याचे दिसते. छटा वेगळी असेल तर तीच रचना वाटते. क्रम कायम असा: आधी कंबर, मग एक दिवस टांगून ठेवणे, मग लांबी, शेवटी पृष्ठभाग. टांगणे हे तिरप्या कटाच्या आणि जॉर्जेटच्या स्कर्टला अत्यावश्यक आहे. तो स्वतःच्या वजनाने कमी-जास्त लोंबतो आणि आधी शिवलेली कडा वाकडी होते.

६. दुसरे उदाहरण: लोकरी प्लीटचा स्कर्ट

पंचकुल्याच्या थंडीत हा सर्वांत उपयोगी. कमरेपासूनच सुटणाऱ्या प्लीटमुळे पोटाशी जाडी येते, आणि खाली गरम लेगिंग घातले की ती वाढते. उपाय असा: कमरेपासून १५-१६ सेंमीपर्यंत प्लीट वरून टीप मारून बंद करावी. घेर नितंबाच्या जवळपास सुटतो आणि तिसऱ्या जागेचा दोष एका टिपेत जातो. आत अस्तर घालावे, कारण लोकर आणि लेगिंग एकमेकांना धरून ठेवतात आणि चालताना स्कर्ट वर चढतो, अस्तर सरकते. अस्तर कडेपेक्षा दोन-तीन सेंमी आखूड ठेवावे. लांबी कमी करताना दोन्ही कापावे लागतात, हे विसरले की खालून अस्तर डोकावते. चौकडीच्या कापडात बाजूच्या शिवणीत आत घेताना रेघा जुळतात का ते टाचण्या लावून आधी पाहावे. जुळत नसतील तर बाजू सोडून पट्ट्यात आतून इलॅस्टिक घालावे.

७. दामण आणि परकर

हरियाणवी दामण म्हणजे जाड सुती कापडाचा, भरपूर घेराचा, खाली रंगीत पट्टी लावलेला घागरा. घेराला इथे इतकी प्रतिष्ठा की २०२० च्या गाजलेल्या हरियाणवी गाण्याने दामण ५२ गजांचा, म्हणजे ४७ मीटरहून अधिक कापडाचा, करून टाकला. प्रत्यक्षात आठ मीटर घेराचा दामण हाती आला तरी आजच्या वापराला तो जड. चुण्यांच्या वर्गातला असल्याने त्याचे विभाजन सोपे: अडीच-अडीच मीटरचे तीन स्कर्ट निघतात. ७२ सेंमी कमरेवर अडीच मीटर घातले तर कापड साडेतीन पट होते आणि फुगते. तेच ९५ सेंमीच्या योकखाली जोडले तर अडीच पटीच्या आसपास येते आणि घेर शांतपणे पडतो.

महाराष्ट्रातला खणाचा परकर याहून चतुर. मुलीचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवायचे, ही घरोघरची रीत. परकराच्या तळाशी आडव्या दुमडी घालून ठेवत आणि मुलगी वाढली की एकेक उसवीत. कंबर नाडीवर असल्याने तिचा प्रश्नच नसे. पुढे होणारा बदल येथे शिवण्याच्या दिवशीच धरलेला असे. तयार कपड्यांच्या कारखान्याने कापड वाचवण्यासाठी नेमकी हीच तरतूद काढून टाकली. म्हणूनच आईचा शिंप्याकडून शिवून घेतलेला १९९५ चा स्कर्ट मुलीला बसवता येतो, आणि मॉलमधून आणलेला २००८ चा पुष्कळदा येत नाही.

८. जिथे थांबावे

तीन प्रसंगी पुनर्रचना सोडून द्यावी: कापड शिवण पेलत नसेल, कंबर आणि नितंब दोन्ही वाढवायचे असून माया नसेल, किंवा उसवण्याचे काम शिवण्यापेक्षा मोठे होत असेल, जसे दाट टिकल्यांच्या स्कर्टचे. मग त्याचे कापड म्हणून मोल पाहावे. मुंबई-पुण्यात पूर्वी असे कपडे बोहारणीकडे जात आणि बदल्यात स्टीलचे भांडे येई; दिल्लीच्या रघुबीर नगरच्या बाजारात हाच व्यवहार आजही मोठ्या प्रमाणावर चालतो. पानिपतमध्ये लोकरी कपडे रंगानुसार निवडून, बटणे-चेन काढून, फाडून पुन्हा सूत काततात आणि त्याची ब्लँकेटे होतात. या प्रक्रियेत धागा आखूड आणि कमजोर होतो. कपडा म्हणून वापरणे ही वरची पायरी, कापड म्हणून वापरणे मधली, धागा म्हणून वापरणे खालची. प्रत्येक पायरी उतरताना कोणाचे तरी श्रम वाया जातात, म्हणून वरची पायरी आधी तपासून मगच खाली यावे.

९. निष्कर्ष

कंबर, लांबी, घेराची वाटणी आणि पृष्ठभाग यांपैकी दोन जागा बदलल्या तरी स्कर्टचे साल पुसले जाते; चारही बदलण्याचा हट्ट केला तर नवा स्कर्ट शिवण्याइतकाच खर्च येतो. वरचा कपडा उरलेली भरपाई करतो: लांब स्कर्टवर आखूड किंवा खोचलेला शर्ट, पेन्सिलवर सैल स्वेटर, चुण्यांच्या स्कर्टवर अंगाबरोबर बसणारा खणाचा ब्लाउज.

क्रोबर यांचे म्हणणे खरे मानले तर मापे परत फिरणार, आणि आज वर गेलेली कंबर पुन्हा खाली उतरणार. त्यासाठी दुकानात किमतीची चिठ्ठी पाहण्याआधी स्कर्ट उलटा करावा. बाजूला अडीच सेंमी माया आणि तळाला चार सेंमी दुमड असेल, तर तो स्कर्ट पुढच्या दशकातही घालता येईल. ती नसेल, तर तो कितीही आजचा दिसो, तो फक्त आजच्यापुरताच घेतला आहे असे समजावे.