चाकरमान्यांनी मिळवलेले शब्द

मालवणात कामगार कायद्यावर बोलायचे म्हणजे समुद्राकाठी बसून गिरणीच्या भोंग्याची गोष्ट सांगण्यासारखे आहे, असे कोणास वाटेल. येथे गिरणी नाही आणि भोंगाही नाही. पण त्या भोंग्याच्या तालावर ज्यांचे आयुष्य गेले ती माणसे कोठली होती? १९११ च्या खानेसुमारीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आढळले, आणि १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत मालवण त्याच जिल्ह्यात होते. मालकाच्या नोंदवहीत आज बदली, कायम, साप्ताहिक सुटी, बोनस, ग्रॅच्युइटी असे जे शब्द असतात, त्यांचा इतिहास पुष्कळ अंशी आपल्या चाकरमान्यांचा इतिहास आहे.

या किनाऱ्यावर पूर्वीपासून जी भाषा होती ती वाट्याची. रापण ओढली, मासळी वाळूत पडली, की जाळ्याचा वाटा आणि हातांचा वाटा वेगळा निघे. मासळी नसेल त्या दिवशी सर्वांचेच हात रिकामे. मुंबईला गेलेल्या माणसाला वाट्याऐवजी पगार मिळू लागला. 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि घरचाच होऊन बसला. परंतु पगाराबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. वाट्यात कोणी कोणाचा धनी नसतो, पगारात असतो. मग धन्याने किती वेळ राबवावे, केव्हा काढून टाकावे, काढताना काय द्यावे, हे कोणी ठरवायचे?

प्रारंभी ते मुकादम ठरवी. नोकरी लावणे, हजेरी मांडणे, खाडा धरणे आणि घरी पाठवणे, हे सारे त्याच्या हाती. त्याला दस्तुरी चारल्याखेरीज साच्यापाशी उभे राहायला मिळत नसे. बायकांच्या खात्यात हाच अधिकार नायकिणीकडे असे. सरकारचा १८८१ चा फॅक्टरी कायदा मुलांच्या कामाचे तास सांगून थांबला. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांविषयी त्यात अक्षर नव्हते. आठवड्याची सुटी मिळवण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून सभा आणि अर्ज यांची कास धरावी लागली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज कॅलेंडरातला तांबडा रविवार पाहून आपण कोणाचेही आभार मानीत नाही!

आता 'बदली' या शब्दाकडे वळू. कायम कामगार आजारी पडला, शिमग्याला किंवा गणपतीला गावी गेला, की त्याच्या जागी बदली माणूस उभा राही. रोज पहाटे गिरणीच्या दारात बदल्यांचा घोळका जमे. ज्याचे नाव पुकारले तो आत जाई. उरलेले खोलीवर परत. एका गाळ्यात दहावीस माणसे राहात आणि खानावळीचे देणे महिन्याच्या बोलीवर असे. बदलीचा पगार मात्र दिवसाच्या नशिबावर. कित्येकांनी अशी वर्षांमागून वर्षे काढली. मुकादमाची मनमानी आवरण्यासाठी गिरणीमालक संघाने १९३५ साली बदल्यांना कार्डे देण्याची पद्धत घातली. १९५० मध्ये सरकारने त्यांच्या नोंदणीची योजना आणली. रांग थोडी शिस्तीची झाली, परंतु ती संपली नाही.

गंमत अशी, की गिरणीच्या दारातला हा शब्द इंग्रजी कायद्याने जसाच्या तसा उचलला. नोकरीचे नियम लेखी व जाहीर असावेत म्हणून १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. त्याच्या नमुना नियमांत कामगारांचे वर्ग सांगताना कायम, उमेदवारीवरील, तात्पुरता, किरकोळ यांच्याबरोबर 'बदली' हाही शब्द आला. पुढे औद्योगिक तंट्यांच्या १९४७ च्या कायद्यात त्याची व्याख्या झाली: हजेरीपटावर नाव असलेल्या दुसऱ्याच्या जागी काम करणारा तो बदली, परंतु त्याची सलग एक वर्षाची नोकरी भरली की तो बदली राहात नाही. हे एक वर्ष म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवसांचे प्रत्यक्ष काम. 'परंतु' या शब्दानंतर जे आहे, त्यात अनेक पहाटांचे उभे राहणे साठलेले आहे.

बोनसची कथा वेगळी नाही. पहिल्या महायुद्धानंतर गिरण्यांनी काही वर्षे बोनस दिला आणि मग हात आखडला. १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाऊड यांच्या समितीने निर्णय दिला, की कायद्याने असा हक्क पोचत नाही. कामगार रिकाम्या हाताने कामावर परतले. तोच बोनस १९६५ साली कायद्यात आला, आणि पुढे त्याचे किमान प्रमाण वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के झाले. म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. जे बक्षीस होते त्याचा हक्क व्हायला एक्केचाळीस वर्षे लागली.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याचे पुढारी डॉ. दत्ता सामंत आपल्या देवबागचे. पगारवाढीबरोबर बदल्यांना कायम करा, हीही त्या संपाची मागणी होती. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या. कितीतरी घरांतला कर्ता माणूस ट्रंक घेऊन गावी परतला आणि अंगणात बसून राहिला. ती घरे आपणास ठाऊक आहेत.

त्याच घरांतली नातवंडे आज मालक झाली आहेत. कोणाचे तारकर्लीला हॉटेल आहे, कोणाची मच्छीमारीची नौका, कोणाचा काजूचा कारखाना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या २९ कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता अमलात आल्या. त्यांनी लेखी नेमणूकपत्राचे बंधन घातले. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. तिच्यासाठी कायम नोकराला पाच वर्षे लागतात. ठरावीक मुदतीच्या करारावरील माणसाला ती आता एका वर्षानंतरही मिळू शकते. मात्र ग्रॅच्युइटीची अट दहा माणसांची, बोनसची वीस आणि स्थायी आदेशांची तर तीनशेंची. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक लहान धंद्यांत यांतले पुष्कळसे नियम दारापर्यंत पोचतच नाहीत.

येथेच आपली खरी परीक्षा आहे. मोसम संपला की पोऱ्याला घरी पाठवायचे, आणि मोसम उघडला की तो नवाच आहे असे समजून पुन्हा पहिल्या पगारावर घ्यायचे, यात कायदा मोडत नसेलही. पण गिरणीच्या दारात पहाटे उभा असलेला आपला आजा त्या पोऱ्याच्या रांगेत दिसतो की नाही, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. माणूस कामावर घेताना चार ओळींचा कागद द्यावा. त्यात पगार, सुटी, कामाचे तास आणि काढण्याची रीत लिहावी. तेवढ्याने धंदा बुडत नाही. हे शब्द आपल्याच माणसांनी उपास काढून मिळवले आहेत; त्यांच्या गावात ते परके होऊ नयेत.