समुद्रपूरकर समुद्रावर

आमच्या गावाच्या नावात समुद्र आहे, गावात नाही. वर्धा जिल्ह्यातले समुद्रपूर. इथून कुठल्याही दिशेला चालू लागलात तर कापूस लागेल, तूर लागेल, जामचा चौरस्ता लागेल. समुद्र लागणार नाही. त्यामुळे लग्नाच्या विसाव्या वाढदिवशी मी मुंबई-गोवा बोटीच्या सहलीची तिकिटे काढली, तेव्हा शेजारच्या काकांनी अख्ख्या आळीतर्फे विचारले, "काहून जाता बावा पाण्यात? आपल्या गावाच्या नावात हायेच ना समुद्र!"

बोटीबद्दल एवढेच सांगतो की, तिच्यावर माणूस दिवसभर खातो आणि मधल्या वेळात समुद्र बघतो. आमची बोट सकाळी मुरगाव बंदराला लागली. दुपारी चारच्या आत परत या, अशी ताकीद मिळाली. मी बँकेत कारकून. वेळेत काउंटर बंद करण्यात बावीस वर्षे गेली. खिशातून टाचण काढले : ९-३० जुने गोवे, सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव असलेले बॉम जीझस चर्च, १०-१५ से कॅथिड्रल, ११-०० व्हाइसरॉयची कमान, १२-०० पणजी, १-०० जेवण (मासे), २-०० काजू. पोर्तुगीजांनी १५१० साली घेतलेला आणि साडेचारशे वर्षे सांभाळलेला मुलूख मी साडेचार तासांत उरकणार होतो.

टॅक्सीत बसल्यावर सौ. म्हणाली, "अहो, राशोलला जाऊ या का?"

"तिथे काय आहे?"

"ख्रिस्तपुराण तिथे छापलं."

इथे एक खुलासा केला पाहिजे. मी बी.कॉम. आहे. १६१६ हा आकडा मला गाडीच्या नंबरासारखा वाटतो. सौ. मात्र नागपूर विद्यापीठाची मराठीची एम.ए. तिला पुढे पीएच.डी. करायची होती. विषय ठरला होता, वह्या भरल्या होत्या. मग लग्न झाले, माझ्या बदल्या झाल्या, मुले झाली. वह्या ट्रंकेत गेल्या आणि ट्रंक दर बदलीला आमच्याबरोबर आली.

"पण तिथे बघण्यासारखं काय?" मी विचारले.

ती जरा थांबून म्हणाली, "तसं काही नाही." आणि मग म्हणाली, "बरं."

बँकेत एक सस्पेन्स खाते असते. ज्या नोंदीचा ताळमेळ आज लागत नाही ती तिथे टाकायची आणि घरी जायचे. बायकोचे 'बरं' हे तसेच खाते. वीस वर्षांत मी त्यात काय काय टाकले होते, ते वास्कोपासून कुठ्ठाळीपर्यंत आठवत गेलो. कुठ्ठाळीला रस्ता फुटतो. डावीकडे जुवारीचा पूल, जुने गोवे, पणजी, मासे. उजवीकडे मडगाव. मी ड्रायव्हरला म्हणालो, "मडगावकडे घ्या. राशोल." तो म्हणाला, "साहेब, तिथे टुरिस्ट जात नाहीत." मी म्हणालो, "आम्ही समुद्रपूरचे."

मडगावपासून पुढे रायामार्गे रस्ता जातो. भाताची शेते, मग जुन्या किल्ल्याची एकटी उरलेली कमान, आणि टेकडीवर पांढरीशुभ्र सेमिनरी. आम्ही चर्च बघितले आणि बाहेर सावलीला बसलो. सौ. सांगू लागली. घरी मी बोलतो आणि ती ऐकते. त्या दिवशी उलटे झाले.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून गलबतात बसला आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरला. म्हणजे सहा महिन्यांची समुद्रसहल, आणि खाण्याची व्यवस्था आमच्यासारखी खासच नसणार. उतरल्यावर बापाला लांबलचक पत्र लिहिले. नंतर हा माणूस परत गेलाच नाही. १६१९ साली इथेच वारला. चाळीस वर्षे! या चाळीस वर्षांत त्याने इथली भाषा शिकली. शिकली म्हणजे भाजी आणण्यापुरती नव्हे. सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण मराठीत रचले. शिवाय कोकणीचे व्याकरण लिहिले, ते त्याच्या मागे १६४० साली छापले गेले.

"पण पाद्र्याने पुराण कशाला लिहावं?" मी विचारले.

"लोकांनी मागितलं म्हणून. याच साष्टी तालुक्यातली देवळं १५६७ मध्ये पाडली. लोकांचा धर्म बदलला, पण कानाला सवय होती पुराणाची. आमची जुनी पुराणं घेतलीत, आता त्याजागी वाचायला काय, असं ते विचारत होते."

१६१६ साली पुराण राशोलला छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत! आणि १६८४ साली व्हाइसरॉयचे फर्मान निघाले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. एकाने चाळीस वर्षे लावून भाषा शिकायची आणि त्याच सरकारने ती तीन वर्षांत विसरायला सांगायची! मुदत ठरवणारा साहेब कुठल्याही शतकात सारखाच, एवढे मात्र मला बी.कॉम. असून कळले.

"आणि ती छापलेली पोथी कुठे आहे?"

"पहिल्या आवृत्तीची प्रत कुठे सापडत नाही. हाताने उतरवलेल्या प्रती राहिल्या. त्यातली एक देवनागरीतली, लंडनला आहे."

म्हणजे खरोखरच बघण्यासारखे काही नव्हते. सौ.ने पदर सारखा केला आणि चार-पाच ओव्या म्हटल्या. अगदी पाठ. वीस वर्षे फोडण्या देताना, मुलांचे डबे भरताना त्या कुठे होत्या कोण जाणे! ड्रायव्हर दाराशी उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "बाई, मला अर्धं समजलं." मी म्हणालो, "मलाही अर्धंच."

जुने गोवे राहिले. पणजी राहिली. मासे मडगावात घाईघाईने झाले आणि पावणेचारला आम्ही बोटीवर होतो. आजूबाजूची मंडळी एकमेकांना फोटो दाखवत होती. आमच्या फोटोत एक कमान, एक भिंत आणि सावलीत बसलेली सौ.

घरी आल्यावर काकांनी विचारले, "काय पाह्यलं जी गोव्यात?"

"राशोल."

"तिथं काय हाये?"

"तसं काही नाही," मी म्हणालो.

आत ट्रंक ओढल्याचा आवाज आला. ती जड आहे, म्हणून मी हात लावायला गेलो.