जहाजावरचा नियम आणि माझा मोबाइल

आमच्या शाळेत हजेरी झाली की मुलांचे मोबाइल गोळा करून कपाटात ठेवतात. परवा नववीतल्या एका मुलाने आपला मोबाइल माझ्या हातात देताना विचारले, "सर, और आपका?" माझा मोबाइल माझ्या खिशात होता. मी ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि समास शिकवायला लागलो. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

गेले काही महिने मी कोकणातल्या मुसलमान खलाशांविषयी वाचतो आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी इंग्रजांच्या हिंदी नौदलात रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांची भरती मोठ्या प्रमाणावर होत असे. त्या वाचनात युद्धनौकेवरचे विडी-सिगारेटचे नियम भेटले, आणि त्यांच्या मागोमाग रेडिओचे व मोबाइलचेही.

शिडाची जहाजे लाकडाची. दोरखंडांना डांबर, वर कापडाची शिडे आणि पोटात बंदुकीची दारू. त्यामुळे इंग्रजांच्या आरमारात खलाशाने कुठेही चिलीम ओढलेली चालत नसे. स्वयंपाकाच्या भट्टीजवळ जागा ठरलेली असे. बाकीच्या वेळी लोक तंबाखू चघळत. ही काळजी वायफळ नव्हती. १७ मार्च १८०० रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'क्वीन शार्लट' ही मोठी युद्धनौका जळाली. तोफेच्या तोड्याची जळती वात एका टबात ठेवली होती. तिच्यावर वाळलेले गवत पडले आणि पेटले, असे तेव्हा सांगितले गेले. सहाशेहून अधिक माणसे गेली. आग लागल्यावर घराबाहेर पळता येते, पण समुद्रात पळणार कुठे?

महायुद्धात कारण बदलले. जहाजे आता पोलादी होती, पण पाणबुडी अंधारात टपून बसलेली असे. रात्री डेकवर काडी ओढायला सक्त मनाई, कारण काळ्याकुट्ट समुद्रावर तेवढा उजेडही दुरून दिसतो. इथेच एक गोष्ट मला नवी कळली. खलाशांनी स्वतःचे रेडिओ लावायलाही बंदी होती. त्या काळचा रेडिओ संच नुसता ऐकत नसे, त्याच्यातून बारीक लहरी बाहेरही पडत. त्या शत्रूने पकडल्या तर जहाजाचा ठावठिकाणा कळेल, ही भीती होती. पण गाणी आणि घरच्या बातम्या ऐकायची खलाशांची गरजही खोटी नव्हती. म्हणून अमेरिकेत स्कॉट कंपनीने लहरी फार कमी सोडणारे खास संच बनवले आणि ते जहाजांवर बसवले गेले. बंदी घालणाऱ्यांनी माणसांची गरज ओळखून तिची सोयही लावली, हे मला महत्त्वाचे वाटते.

पुढे अमेरिकन पाणबुड्यांमध्ये सिगारेटला ठरावीक जागा होती. हवा शुद्ध करणारी यंत्रेही होती. तरीही न ओढणाऱ्यांच्या शरीरात धूर जातो, हे तपासणीत दिसले आणि ३१ डिसेंबर २०१० पासून पाणबुडीच्या आत धूम्रपान बंद झाले. बंद डब्यात शंभरावर माणसे एकच हवा घेतात, तिथे 'माझी सिगारेट' फक्त माझी राहत नाही.

आपल्याकडे २०१९ च्या डिसेंबरात काही नौसैनिक हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले. समाजमाध्यमांवरून ओळख वाढवून त्यांच्याकडून माहिती काढली गेली, असा आरोप होता. त्यानंतर भारतीय नौदलाने युद्धनौका, तळ आणि गोदी या ठिकाणी स्मार्टफोन आणि फेसबुकवर बंदी घातली. पूर्वीची काडी आणि रेडिओ नुसती जागा दाखवत. खिशातला फोन तर माणसाचे नाव, मित्र आणि फोटोसुद्धा सांगतो.

पण ज्या प्रकरणाने मला त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत आणले, ते २०२३ मधले आहे. 'मँचेस्टर' ही अमेरिकन युद्धनौका मोहिमेवर निघाली तेव्हा तिच्यावर चोरून स्टारलिंकची डिश बसवली गेली. हे काम नव्या पोरांचे नव्हते. ज्यांनी खालच्या खलाशांकडून नियम पाळून घ्यायचे, त्याच ज्येष्ठ हुद्द्याच्या मंडळींचे होते. ते आपसात गुपचूप इंटरनेट वापरत होते आणि बाकीचे जहाज त्याला वंचित होते. हळूहळू कुजबुज सुरू झाली, आणि शेवटी नौदलाच्या एका नागरी कर्मचाऱ्याला ती डिश दिसली. या मंडळींच्या प्रमुख असलेल्या महिलेवर लष्करी खटला चालला आणि तिचा हुद्दा उतरवला गेला.

घरच्यांशी बोलावेसे वाटणे हा गुन्हा नाही. पण ते खालच्या खलाशालाही वाटतच होते. शत्रूच्या यंत्राला ती लहर साहेबाची की खलाशाची, हे कुठे कळते? धोका दोन्हींत सारखाच. साहेबाच्या चोरीत मात्र आणखी एक नुकसान आहे. ती उघडी पडली की पुढचा नियम कोणी मनापासून पाळत नाही.

आम्ही शिक्षक 'शिस्त' हा शब्द फार वापरतो आणि कारण सांगायचे विसरतो. दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गाला 'क्वीन शार्लट'ची आणि 'मँचेस्टर'ची गोष्ट सांगितली. मग माझा मोबाइल बंद करून त्यांच्या मोबाइलशेजारी कपाटात ठेवला. तो मुलगा काही बोलला नाही. दुपारी घरून दोनदा फोन येऊन गेला होता, तो मला शाळा सुटल्यावर कळला. मुलांचे रोज असेच होत असणार, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले.