आर्थर रोडचा दवाखाना आणि बाबांचा चार्जर

आज एका दवाखान्याची गोष्ट.

मुंबईत चिंचपोकळीला कस्तुरबा हॉस्पिटल आहे, साथीच्या रोगांचं. मार्च २०२० मध्ये मुंबईतल्या सुरुवातीच्या कोरोना पेशंटना तिथेच ठेवलं होतं. याच दवाखान्याचं जुनं नाव आर्थर रोड हॉस्पिटल. आणि २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजार गिरणी कामगार त्यावर चालून गेले होते.

दवाखान्यावर हल्ला? का बरं?

महिनाभर आधी मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला होता. खात्रीचा उपाय कुणाकडेच नव्हता. मग सरकारनं ठरवलं, आजारी माणूस घरातून उचलायचा आणि वेगळा ठेवायचा. फेब्रुवारी १८९७ मध्ये तर त्यासाठी कायदाच आला. २०२० मध्ये आपल्याकडे लागू झाला ना, तोच.

आता त्या पेशंटच्या जागी स्वतःला ठेवून बघा. अंगात ताप, काखेत गाठ. अनोळखी माणसं येतात, उचलून नेतात. पाणी कोण देणार, जेवण कुणाच्या हातचं, मेलो तर अग्नी कोण देणार, काही माहीत नाही. घरच्यांनाही काही कळत नाही. म्हणून लोक पेशंटला लपवायचे. अगदी शेवटच्या अवस्थेत तो दवाखान्यात पोचायचा आणि तिथे दगावायचा. की झालं! ‘आत गेलेला परत येत नाही’ ही समजूत आणखी पक्की.

मग अफवा. त्याच महिन्यात मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं. त्याचा सूड म्हणून दवाखान्यात माणसं मारतात, असं लोक बोलू लागले. हसू येतं ना? पण आतली बातमी बाहेर येत नसेल, तर ती जागा भीतीच भरून काढते.

पुण्याजवळ डॉ. यशवंत फुल्यांनी प्लेगसाठी दवाखाना काढला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पेशंट घेऊन यायच्या. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर आणलं, असं सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. म्हणजे रोग तोच, औषधाचे हाल तेच. फरक एवढाच, की न्यायला येणारं माणूस आपलं होतं.

हे हळूहळू सरकारलाही उमगलं. वेगवेगळ्या समाजांना आपापले प्लेग दवाखाने काढायची परवानगी मिळाली. पुण्यात टिळकांच्या पुढाकारानं हिंदू प्लेग हॉस्पिटल निघालं. ओळखीचे चेहरे आणि आपलं जेवण असल्यावर लोकांची दवाखान्याची धास्ती कमी झाली.

एप्रिल २०२१ मध्ये माझे बाबा ११ दिवस कोविड वॉर्डात होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन बंद पडला. चार्जर घरीच राहिला होता. मी रात्रभर त्यांचं ‘लास्ट सीन’ बघत बसलो, आणि डोक्यात नाही नाही ते आलं. बाबा घरी आल्यावर म्हणाले, “ऑक्सिजनपेक्षा जास्त भीती त्या बंद फोनची वाटली रे. वाटलं, आता कुणाला कळणारच नाही.”

बीटेक झालेला मी, आणि हजार गिरणी कामगार. भीती तीच होती हो!

तेव्हा मंडळी, कुणी अॅडमिट होत असेल तर बॅगेत चार्जर टाका, लांब वायरचा. आणि रोज एकदा तरी आवाज ऐकवा. तोही उपचारच आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!